रुप्याची चहादाणी आणि कोनाड्यांतील कप

पाहुणा दाराशीं आला कीं त्याच्या पायांवर पाणी घालावें, गूळपाणी पुढें करावें आणि मग घरचें वर्तमान विचारावें, अशी आमच्या आजोबांच्या काळची रीत होती. आज पाहुणा उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोंच आंतून पातेल्याचा आवाज ऐकूं येतो; आणि तो चहा न घेतां परत गेला तर यजमानाच्या मनाला दिवसभर चुटपुट लागते. गुळाच्या खड्याची जागा चहाच्या कपानें घेतली ही गोष्ट दोन-तीन पिढ्यांच्या आंत घडली, आणि ती इतकी मुकाट्यानें घडली कीं, आपल्या घरांत चहा केव्हां व कोणत्या वाटेनें आला हें फारच थोड्या कुटुंबांना सांगतां येईल.

आमच्या बेलापूरच्या घरांत त्या आगमनाची एक साक्ष अद्याप शिल्लक आहे. माजघरांतील फडताळाच्या वरच्या खणांत, जुन्या रेशमी फडक्यांत गुंडाळलेली एक चहादाणी आहे. पोट वाटोळें, सोंड हंसाच्या मानेप्रमाणें वळलेली, मूठ काळ्या लाकडाची, झांकणावर बोंडाएवढी घुंडी, आणि अंगावर वेलबुट्टीचें नाजूक काम. आजी तिला ‘रुप्याची किटली’ म्हणत असे, आणि तिच्याकडे पाहण्याची आम्हां मुलांना परवानगी असली तरी तिला हात लावण्याची नव्हती. या चहादाणीची कथा मला सांगावयाची आहे. परंतु भांड्याचें कूळ समजल्यावांचून त्याची योग्यता समजत नाहीं, म्हणून प्रथम तिच्या कुळाकडे वळतों.

चहादाणीचें कूळ

चहाचें झुडूप चीन व त्याच्या लगतच्या डोंगराळ प्रदेशांतलें. आठव्या शतकांत लु यू नांवाच्या चिनी पंडितानें चहावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु त्याच्या काळीं आजच्यासारखी चहादाणी नव्हती. चहाच्या पानांच्या वड्या करीत, त्या कुटून त्यांची पूड करीत, आणि ती पूड पाण्यांत उकळीत. पुढें ती पेल्यांत घुसळण्याचीहि चाल पडली. इ. स. १३९१ मध्यें मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानें वड्यांच्या रूपानें चहाचा नजराणा घेणें बंद करून सुटीं पानें घेण्याचा हुकूम काढला. सुटीं पानें म्हटलीं कीं तीं कढत पाण्यांत कांहीं वेळ मुरवावीं लागतात, आणि ओततांना चोथा मागें राहावा लागतो. त्यासाठीं झांकणाचें व सोंडेचें भांडें हवें. या गरजेंतून यिशिंग येथील तांबूस मातीच्या लहान लहान चहादाण्या निर्माण झाल्या. म्हणजे चहादाणी ही शोभेची वस्तु म्हणून जन्मली नाहीं. चहा करण्याची रीत बदलली म्हणून ती जन्मली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें आपल्या घरांतून ती नाहींशी होण्याचें कारणहि हेंच आहे.

आमच्या संस्कृतच्या अभिमानी मित्रांनीं अमरकोशांत या पेयाचें नांव शोधूं नये. तें तेथें सांपडणार नाहीं. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर अमॉयच्या बाजूस या पानाला ‘ते’ म्हणत व कँटनच्या बाजूस ‘च्हा’ म्हणत. डच व्यापाऱ्यांनीं पहिला उच्चार उचलला व तो पश्चिम युरोपभर पसरला. पोर्तुगीज व इराणी लोकांच्या तोंडीं दुसरा उच्चार बसला. आपला ‘चहा’ हा या दुसऱ्या शाखेंतला.

हिंदुस्थानांत चहा इंग्रजांच्या राज्याबरोबर आला अशी सर्वसाधारण समजूत आहे; ती पुरती खरी नाहीं. इ. स. १६३८ मध्यें मांडेल्स्लो नांवाचा जर्मन प्रवासी सुरतेस इंग्रजांच्या वखारींत उतरला होता. तेथील रोजच्या बैठकींत चहा दिला जात असे असें त्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें १६८९ मध्यें ओव्हिंग्टन नांवाचा इंग्रज पाद्री त्याच सुरतेंत होता. त्यानें सांगितलेली हकीकत अधिक मौजेची आहे. तेथील वाणी लोक चहांत गरम मसाला घालून तो उकळीत, त्यांत खडीसाखर टाकीत, आणि डोकें दुखणें, पोटांत कळ येणें अशा विकारांवर तो घेत. आणि डच वखारींतील चहादाणी तर चुलीवरून क्वचितच खालीं उतरत असे. म्हणजे आपण ज्याला मसाल्याचा चहा म्हणतों त्याचें वय निदान सव्वातीनशें वर्षांचें आहे. परंतु तें औषध होतें आणि तें बंदरावर राहिलें; घाट चढून देशावर आलें नाहीं.

इंग्लंडांत चहाला राजाश्रय मिळाला त्या प्रसंगाशीं आपल्या मुंबईचाहि संबंध आहे. १६६१ च्या तहाप्रमाणें पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस याच्याशीं ठरला व १६६२ मध्यें तो झाला. आंदणांत मुंबईचें बेट इंग्रजांना मिळालें, आणि राणीच्या आवडीमुळें इंग्रज दरबारांत चहाची चाल पडली. मुंबई आणि चहा या दोन्ही वस्तु इंग्रजांच्या घरांत एकाच नवरीच्या पावलांनीं शिरल्या! पुढें १६६८ मध्यें राजानें तें बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलें. चहाची किंमत मात्र त्या वेळीं बेटाच्या भाड्याइतकी स्वस्त नव्हती.

ज्या १६७० सालीं शिवछत्रपतींनीं सुरत दुसऱ्यांदा लुटली, त्याच सालीं लंडनमध्यें एक रुप्याची चहादाणी घडविली गेली. लॉर्ड जॉर्ज बर्कली यांनीं ती ईस्ट इंडिया कंपनीच्या समितीस नजर केली. आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे, आणि रुप्याच्या इंग्रजी चहादाण्यांपैकीं ती सर्वांत जुनी मानली जाते. तिचा घाट उभट, वर निमुळता, सुमारें तेरा-चौदा इंच उंचीचा आहे. पाहणारास ती कॉफीचें भांडें वाटावी. अंगावर कोरलेल्या मजकुरांत ‘चहा’ हा शब्द आहे म्हणून ती चहादाणी. कारागिरानें पूर्वीं असें भांडें घडविलें नव्हतें, तेव्हां त्यानें जवळचा ठाऊक असलेला घाट घेतला. चहादाणीला तिचें वाटोळें पोट मिळावयास आणखी एक पिढी जावी लागली.

त्यानंतरच्या शंभर वर्षांतील इंग्रजी चहादाण्या आकारानें लहान आहेत, याचें कारण कारागिराची हौस नसून पानाची महागाई आहे. चहावर जबर कर असे. श्रीमंत घरांत चहाची पेटी कुलुपांत राही व तिची किल्ली घरधनिणीच्या कमरेस असे. आपल्याकडे कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेस असावा तसाच हा प्रकार. १७८४ मध्यें इंग्रज सरकारनें हा कर शेंकडा ११९ वरून शेंकडा साडेबारावर आणला. त्यानंतर चहा मध्यम स्थितीच्या घरांत शिरला आणि चहादाणीचें पोट वाढलें.

रुपें या कामास कां निवडलें, याचा विचारहि करण्यासारखा आहे. सर्व धातूंमध्यें रुपें उष्णता सर्वांत जलद वाहून नेतें. त्यामुळें भांडें लवकर तापतें, पण मूठहि तितकीच लवकर तापून हात पोळतो. म्हणून मूठ लाकडाची करीत. आणि ती रुप्याचीच असेल तर तिच्या दोन्ही सांध्यांत हस्तिदंताच्या बारीक चकत्या बसवीत, म्हणजे उष्णता तेथें अडे. सोंडेच्या मुळाशीं आंतल्या बाजूस बारीक भोकें पाडलेलीं असत. तीच चहादाणीची गाळणी. निव्वळ रुपें मऊ असतें, म्हणून हजार भागांत ९२५ भाग रुपें व बाकी बहुधा तांबें असें मिश्रण इंग्लंडांत कायद्यानें ठरलेलें होतें, आणि सरकारमान्य पारख झाल्यावर भांड्याच्या बुडाशीं चालत्या सिंहाचा ठसा उठवीत. शिवाय गांवाचा ठसा निराळा: लंडनचें चित्त्याचें मस्तक, बर्मिंगहॅमचा नांगर.

आपल्या देशांतील कारागीरहि या कामांत मागें राहिले नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कच्छांतील भूज येथें उमरशी मावजी यांनीं घडविलेल्या चहादाण्या साहेबलोकांत नांवाजल्या गेल्या. दाट वेलबुट्टीच्या त्या कामावर त्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें व गांवाचें नांव उठविलेलें असे. मद्रासेस पी. ऑर आणि मंडळी यांच्या दुकानांत ‘स्वामी’ कामाचीं भांडीं मिळत. त्यांवर देवदेवतांच्या उठावदार मूर्ति असत. ज्या देवतांना आम्ही देवघरांत गंधफूल वाहतों, त्याच साहेबाच्या टेबलावर चहाच्या भांड्यावर विराजमान होत. आणि त्याच काळीं आमच्या देवघरापासून माजघरापर्यंत चहाला मज्जाव होता.

भांड्याची शुद्धि

हा मज्जाव कशाचा होता? चहाचा कीं भांड्याचा? माझ्या मतें भांड्याचा, आणि तें भांडें ज्या हातानें पुढें येई त्या हाताचा.

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. तेथें सोन्याचें भांडें उष्टें लागलेलें नसेल तर केवळ पाण्यानें शुद्ध होतें असें म्हटलें आहे. रुप्याच्या भांड्यासहि हीच सवलत आहे, परंतु तें ‘अनुपस्कृत’, म्हणजे नक्षीकाम न केलेलें, असावें अशी अट आहे. तांबें, पितळ, लोखंड यांना राख, आंबट पदार्थ व पाणी लागतें. मातीचें भांडें मात्र पुन्हा भट्टींत भाजल्यावांचून शुद्ध होत नाहीं. आतां चिनी मातीचा कप या व्यवस्थेंत कोठें बसवावा? ती माती, आणि चकाकीच्या लेपासकट पुन्हा भाजणें घरांत अशक्य. त्यांत विलायतेंतील उंची कपांच्या मातींत जनावरांच्या हाडांची राख मिसळतात ही वार्ता ऐकूं आली. ती नुसती कंडीहि नव्हती. एका जातीच्या विलायती चिनी मातींत हाडांची राख निम्म्याच्या आसपास असते. तेव्हां कर्मठ घरांत कपबशीला थारा मिळेना. चहा प्यावयाचाच तर तो धातूच्या पेल्यांतून, फुलपात्रांतून किंवा वाटींतून. आमच्या आजीनें जन्मभर चहा रुप्याच्या वाटींतूनच घेतला. कपाला तिनें कधीं ओंठ लावला नाहीं.

हा भांड्याचा व हाताचा प्रश्न किती विकोपास जाऊं शकतो हें पुण्यास १८९० मध्यें दिसून आलें. त्या सालच्या आक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें निमंत्रणावरून जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. मंडळींत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक यांसारखे पुढारी होते. कोणीं चहा घेतला, कोणीं नुसता कप घेऊन बाजूस ठेविला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि शहरांत ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशीस शास्त्री नेमले गेले, घरोघरचे श्राद्धपक्ष व लग्नमुंजी अडूं लागल्या. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं मित्रांची अडचण पाहून १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें आणि त्याबद्दल सुधारकांचा रोष पत्करला. रमाबाई रानडे यांनीं १९१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या काळच्या मनस्तापाची हकीकत दिली आहे.

या साऱ्या वादांत एक गोष्ट लक्षांत येते. चहाचें पान भक्ष्य आहे कीं अभक्ष्य, ही मुख्य तक्रार नव्हती. प्रश्न होता तो चहा कोणीं दिला व कशांतून दिला हा. त्याच चहाची पूड घरीं आणून, सोवळ्यांतील पाण्यांत टाकून, रुप्याच्या भांड्यांतून घेतली असती तर ग्रामण्य झालें नसतें. आणि पुढें घडलें तेंहि असेंच. प्रायश्चित्तांची शाई वाळली, पण चहा परत गेला नाहीं. त्यानें धातूच्या भांड्याची वाट धरली आणि आमच्या घरांत प्रवेश केला.

साखर, आगगाडी आणि पातेलें

आतां आमच्या बेलापुराकडे येऊं. गांव प्रवरेच्या कांठीं. पूर्वींच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत. १८७८ मध्यें धोंड-मनमाड आगगाडी सुरू झाली आणि गांवापासून थोड्या अंतरावर बेलापूरचें स्थानक झालें. त्या स्थानकाभोंवतीं पुढें जें शहर वाढलें तें श्रीरामपूर. स्थानकाचें नांव मात्र अद्याप बेलापूरच आहे. चहाची पूड या भागांत आली ती आगगाडीच्या डब्यांतून.

पण नुसत्या पुडीनें चहा होत नाहीं; साखर हवी. गूळ उकळत्या दुधांत टाकला तर दूध नासण्याची भीति, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. विलायती साखर हाडांच्या कोळशानें शुद्ध करतात म्हणून स्वदेशीच्या चळवळींत तिच्यावर बहिष्काराचा शब्द पडला होता. हा अडसर आमच्या भागांत पाण्यानें दूर केला. १९२६ मध्यें भंडारदऱ्याचें धरण पूर्ण झालें, प्रवरेचे कालवे भरून वाहूं लागले, आणि ऊंस जिकडे तिकडे दिसूं लागला. हरेगांव व टिळकनगर येथें कारखाने उभे राहिले. १९३२ मध्यें साखरधंद्यास संरक्षक जकात मिळाली. आणि १९५० मध्यें लोणीस शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. पांढरी साखर घरच्या शेताच्या बांधावर आल्यावर शंकेला जागा कोठली?

तिकडे पूडहि देशी झाली होती. आसामांत चहाचें झुडूप रानांत आपोआप वाढतें हें रॉबर्ट ब्रूस यांच्या १८२३ मध्यें लक्षांत आलें. १० जानेवारी १८३९ रोजीं आसामी चहाचा पहिला लिलाव लंडनमध्यें झाला. परंतु मळेवाल्यांचें सारें लक्ष विलायतेच्या बाजाराकडे होतें. १९०३ च्या कायद्यानें निर्यातीच्या चहावर एक लहानशी पट्टी बसली व त्या पैशांतून चहाचा प्रसार करण्यास एक समिति नेमली गेली. पुढें समितीचीं माणसें गांवोगांव, स्थानकोस्थानकीं फिरून चहा कसा करावा हें दाखवीत, फुकट पेले वांटीत आणि चित्रांच्या पाट्या लावीत. विरोधहि झाला. बंगाल्यांत आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं चहाविरुद्ध लिहिलें. महात्माजींनींहि तो आरोग्याला अनवश्यक ठरविला. त्यांचा शब्द आम्हीं आदरानें ऐकला आणि ऐकतां ऐकतां कप संपविला.

समितीच्या पाट्यांवर चहादाणी होती; पाणी निराळें उकळावें, पानें चहादाणींत मुरवावीं, दूध-साखर मागून घालावी असा उपदेश होता. आमच्या गृहिणींनीं तो मानला नाहीं. त्यांनीं पाणी, दूध, साखर, पूड, आलें व वेलदोडा एकाच पातेल्यांत घालून उकळी आणली. १९३० च्या सुमारास आसामांत मॅककर्चर नांवाच्या मळेवाल्यानें पानें चिरडून, फाडून त्यांच्या बारीक गोळ्या वळणारें यंत्र तयार केलें. ती पूड झटकन् उतरते, रंग गडद येतो आणि तिचा तुरटपणा दुधांत मुरतो. म्हणजे ती जणूं आमच्या पातेल्यासाठींच जन्मली. पुण्यास राजस्थानांतून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांनीं ‘अमृततुल्य’ चहाचीं दुकानें घातलीं, तेथेंहि मानाची जागा चकचकीत पितळी पातेल्यालाच मिळाली. चहादाणीचें काम पानें मुरविण्याचें. उकळलेल्या चहाला मुरविणें नको. रीत बदलली म्हणून ती चिनांत जन्मली, रीत बदलली म्हणून ती आमच्याकडे फडताळांत गेली. आज देशांत होणाऱ्या चहापैकीं सुमारें चार-पंचमांश देशांतच खपतो, आणि त्यांतील बहुतेक पातेल्यांतूनच येतो.

कोनाड्यांतील कप

आमच्या आजोबांनीं ती चहादाणी साखर कारखान्यावरून बदलून जाणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या सामानाच्या लिलावांत घेतली. साहेबाच्या घरचें भांडें! परंतु तें रुप्याचें होतें, आणि रुप्याला शुद्धि आहे. आजीनें तें चिंच व राख लावून तीन वेळां घांसलें, गंगाजळ शिंपडलें, उन्हांत ठेविलें आणि मग घरांत घेतलें. नक्षीकाम असलेल्या रुप्याला मनूची सवलत लागू नाहीं, हें तिला कोणीं सांगितलें नाहीं, आणि मला पुढें समजलें तेव्हां सांगण्यांत अर्थ नव्हता. संक्रांतीस व दिवाळीस, व्याही-जांवई आले म्हणजे, पातेल्यांतील चहा त्या चहादाणींत भरून बैठकींत जाई. साहेबाच्या ओंठांचा विटाळ राखेनें गेला.

त्याच घराच्या ओसरीवर, बाहेरच्या अंगास, एक कोनाडा होता. त्यांत कान तुटलेला एक चिनी मातीचा कप असे. आमच्या शेतावर काम करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. आमच्या दोन पिढ्या त्यांच्या घामावर जेवल्या. ते सकाळीं वाड्यावर आले कीं अंगणांत उभे राहात, स्वतःच्या हातानें तो कप काढीत, विसळीत व ओट्याच्या कडेवर ठेवीत. मग घरांतून कोणी तरी चहा घेऊन येई आणि हातभर उंचीवरून धार धरी. पिऊन झाल्यावर ते कप पुन्हा धुऊन कोनाड्यांत पालथा घालीत. १९६८ च्या सुमारास, मी आठ वर्षांचा असतांना, ती धार धरण्याचें काम माझ्याकडे होतें. एकदां धार चुकून त्यांच्या बोटांवर पडली. हात पोळला असणार, परंतु त्यांनीं कप सोडला नाहीं, आणि मला म्हणाले, “असूं द्या, धाकटे मालक.” मी आठ वर्षांचा होतों आणि ते साठीच्या पुढचे होते.

अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदानें १९५० मध्येंच नष्ट झाली होती. १९५५ च्या कायद्यानें तर उपाहारगृहांतील भांडीं वापरण्यास आडकाठी करणें हा गुन्हा ठरविला होता. भांड्यांचा असा स्पष्ट उल्लेख कायद्यांत करावा लागला, यावरूनच रोग कोठें मुरला होता तें दिसतें. त्याच्याहि आधीं, कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं आपल्या पागेंतील गंगाराम कांबळे या अस्पृश्य सेवकास चहाचें दुकान काढण्यास साहाय्य केलें, आणि स्वतः त्या दुकानापुढें गाडी थांबवून त्याच्या हातचा चहा ते पीत व बरोबरच्या मंडळींनाहि पाजीत. महाराज १९२२ मध्यें निवर्तले. म्हणजे ही गोष्ट आमच्या कोनाड्यांतील कपाच्या निदान शेहेचाळीस वर्षें आधींची. पंचहौदांत कप हातीं घेणाऱ्या विद्वानांना दोन वर्षें ग्रामण्य सोसावें लागलें हें आम्ही शाळेंत मोठ्या रसानें शिकलों. पण ज्याला जन्मभर निराळ्या कपांतून चहा घ्यावा लागला त्याच्या वाट्याला कोणतें ग्रामण्य होतें, तें कोणीं शिकविलें नाहीं. आणि मी पुढें शिक्षक झालों तेव्हां मींहि तें पुष्कळ वर्षें शिकविलें नाहीं.

त्या गृहस्थांचा नातू पुढें माझ्या वर्गांत होता. शिकून तो मोठ्या हुद्द्यावर चढला. कांहीं वर्षांपूर्वीं तो मला भेटावयास घरीं आला. सूनबाईनें सर्वांसाठीं सारखे कप आणले. चहा झाल्यावर त्यानें सहज विचारावें तसें विचारलें, “सर, तो कोनाडा अजून आहे का?” मी उठून त्याला ओसरीवर नेलें आणि कोनाडा दाखविला. तो रिकामा होता. त्यानें आंत हात घालून पाहिला, बोटांना लागलेली धूळ झटकली आणि म्हणाला, “आजोबा सांगायचे, चहा चांगला असायचा.” त्याहून अधिक तो बोलला नाहीं, माझ्यानेंहि बोलवलें नाहीं.

कसोटीवर

तो गेल्यावर मीं चहादाणी फडताळांतून काढली आणि श्रीरामपुरास एका जुन्या सराफाकडे नेली. त्यानें ती उलटी केली, बुडाशीं असलेल्या चार लहान चौकोनी ठशांवर भिंग धरलें आणि हंसून म्हणाला, “गुरुजी, हीं पारखीचीं चिन्हें नाहींत, हीं अक्षरें आहेत.” ई, पी, एन, एस! म्हणजे खालीं तांबें, जस्त व निकेल यांची मिश्र धातु, जिला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतों आणि जिच्यांत सिल्व्हर मुळींच नसतें. तिच्यावर विजेच्या प्रवाहानें चढविलेला रुप्याचा पातळ थर. ही युक्ति इंग्लंडांत एल्किंग्टन यांनीं १८४० मध्यें पेटंट केली, आणि त्यानंतर गरीब साहेबालाहि श्रीमंती चहादाणी परवडूं लागली. सिंहाचा ठसा कोठेंच नव्हता. पोटाच्या फुगवट्यावर, जेथें आजीनें राखेनें अधिक जोर लावला असेल, तेथें थर झिजून खालची पिवळट धातु दिसत होती. शुद्धीसाठीं केलेल्या घांसण्यानेंच रुपें गेलें होतें.

घरीं परततांना मला आजीचा राग आला नाहीं. तिनें जें पाहिलें-ऐकलें तें पाळलें, आणि कडक पाळलें. परंतु एक विचार मनांतून जाईना. ज्या रुप्याच्या भरंवशावर आम्हीं साहेबाचें उष्टें शुद्ध मानून घेतलें, तें रुपें कागदाहूनहि पातळ होतें. आणि ज्या माणसाला आम्हीं अशुद्ध मानलें, त्यानें पोळलेल्या बोटांनींहि मुलाला दुखवूं नये म्हणून कप धरून ठेविला. खरा धातु कोणता व मुलामा कोणता, हें ओळखण्याची कसोटी आमच्या घरांत होती. आम्हीं ती चहादाणीच्या बुडाशीं शोधीत बसलों.

ज्यांच्या घरीं अशीं जुनीं चहाचीं भांडीं असतील त्यांना दोन शब्द सांगतों. मोड म्हणून तीं विकण्यापूर्वीं बुडाचे ठसे भिंगानें पाहा. सिंह आहे कीं अक्षरें आहेत, भूजचें नांव आहे कीं मद्रासेचें, याची खात्री करून घ्या. राखेनें वा रांगोळीनें घांसूं नका. कोमट पाणी, रिठा आणि मऊ फडकें पुरे. काळी पुटें हा हवेंतील गंधकाचा परिणाम आहे, तो दोष नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, तें भांडें घरांत कोणीं, केव्हां, कोठून आणलें आणि त्यांतून कोणाला चहा मिळाला हें एका कागदावर लिहून त्यांत ठेवा. कोणाला मिळाला नाहीं हेंहि लिहा. नाहींतर पुढच्या पिढीच्या हातीं नुसतें वजन लागेल.

आमच्या चहादाणींत असा एक कागद मीं ठेविला आहे. तिची किंमत सराफानें फारच थोडी सांगितली. परंतु ती विकावयाची नाहीं असें घरांतील सर्वांनीं ठरविलें आहे. कोनाडाहि बुजवावयाचा नाहीं असें ठरलें आहे. दिवाळीस नातवंडें जमतात तेव्हां दोन्ही त्यांना दाखवितों, आणि प्रथम कोनाडा दाखवितों.